मनातील अढी



मराठी भाषेत रागाला जितके शब्द आहेत तितके प्रेमाला आहेत की नाहीत, याची मला शंका वाटते. राग, संताप, चीड, त्वेष, त्रागा, रुसवा ही एका घरातील मंडळी. आणि आकस, डूख, किल्मिष, अढी, वितुष्ट, वैर ही दुसऱ्या घरातील. दोन्ही घरे भिंतीला भिंत लागून असल्यामुळे आपण ती एकच समजतो. परंतु मी पडलो व्याकरण शिकविणारा माणूस. क्रियापदांकडे पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. राग येतो. चीड येते. संताप होतो. या वाक्यांत माणूस कर्ता नाही. राग हा अवचित आलेल्या पाहुण्यासारखा आपल्या पायांनी येतो, आणि बहुधा आपल्याच पायांनी निघून जातो. दुसऱ्या घरातील रीत निराळी. डूख धरावा लागतो, आकस ठेवावा लागतो, अढी बाळगावी लागते, वैर साधावे लागते. येथे माणूस पुरता कर्ता आहे. ते काम त्याने स्वतः, जाणून अथवा न जाणून, रोजच्या रोज करावे लागते. आज मला जे सांगावयाचे आहे ते या दोन प्रकारच्या क्रियापदांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी.

त्यांतही 'अढी' हा शब्द मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. कोकणातील श्रोत्यांना त्याचा दुसरा अर्थ सांगावयास नको. कच्चे आंबे उतरवून ते गवताच्या किंवा पेंढ्याच्या थरांत मांडून झाकून ठेवतात, त्या रचनेलाही अढीच म्हणतात. त्या अंधाऱ्या उबेत फळ स्वतःच एथिलीन नावाचा वायू सोडीत असते. तो कोंडला म्हणजे शेजारची फळेही भराभर पिकतात. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एकच आहे असा माझा आग्रह नाही. तथापि मनात घातलेली गोष्ट अंधारात, उबेत, वारा न लागता कशी पिकते, एकीच्या संगतीने दुसरी कशी पिकते, आणि वेळीच उलगडून पाहिले नाही तर तळाशी काय होते, हे ज्याने आंब्याची अढी पाहिली आहे त्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

प्रथम रागाकडे वळू. राग आला असता शरीरात काय घडते याचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने केला व १९१५ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. राग किंवा भय उत्पन्न होताच त्यांतून ॲड्रेनलिन हे द्रव्य रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद चालतो, यकृतात साठविलेली साखर रक्तात येते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते आणि भूक मरते. ही सर्व सिद्धता झुंजण्याची किंवा पळण्याची. वाघ समोर असेल तर ती उपयोगी. समोर शेजारी, साहेब किंवा सख्खा भाऊ असला म्हणजे तिचे काय करावे हे शरीराला कोणी शिकविलेले नाही. परंतु ध्यानात धरण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. हे द्रव्य रक्तात फार काळ टिकत नाही. नवे सरपण घातले नाही तर काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरू लागतो. निसर्गाने रागाची व्यवस्था अल्पकाळापुरतीच केलेली आहे.

माझे आयुष्य शाळेत गेले, आणि या गोष्टीचे प्रत्यंतर तेथे नित्य येत असे. पहिल्या तासाला पट्टी मोडल्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेली दोन मुले मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून पोळी खाताना दिसत. दुसऱ्या दिवशी दोघांचे पालक शाळेत येत. मोठी माणसे एकमेकांकडे न पाहता मजशी बोलत असत, आणि ती दोन मुले दाराशी उभी राहून आपल्या वडिलांना झाले आहे तरी काय अशा मुद्रेने पाहत असत. मुलांना राग आलेला होता. वडिलांनी तो घरी नेऊन अढीत घातला होता.

अढीत घालणे म्हणजे काय? झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळविणे. अपमान एकदाच होतो, दोन मिनिटांत होतो. पण त्याची उजळणी आपण वर्षभर करतो, आणि गंमत अशी की प्रत्येक उजळणीच्या वेळी शरीर पुन्हा तितकेच पेटते. त्याला खरा प्रसंग आणि आठवलेला प्रसंग यांतील भेद नीटसा कळत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या अधःपाताची जी साखळी वर्णिली आहे तिची पहिली कडी क्रोध नव्हे, चिंतन आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. तेथे विषयांचे चिंतन अभिप्रेत आहे हे मला ठाऊक आहे. परंतु झालेल्या अपमानाइतका चित्त गुंतवून ठेवणारा दुसरा विषय मी तरी पाहिलेला नाही.

येथे सुशिक्षितांत रूढ असलेल्या एका समजुतीविषयी बोलले पाहिजे. राग कोंडू नये, तो ओकून टाकावा, उशीला चार गुद्दे मारावेत, मोकळ्या जागी जाऊन ओरडावे, म्हणजे वाफ निघून जाऊन मन हलके होते, असे म्हणतात. मन म्हणजे जणू काही आगगाडीचे इंजिनच! ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत कसोटीस लावली. मुद्दाम चिडविलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडविले त्याचेच चिंतन करीत ठोसे मारण्याच्या पिशवीवर ठोसे मारावयास सांगितले. काहींना नुसते स्वस्थ बसविले. ठोसे मारणाऱ्यांचा राग अधिक भरला, स्वस्थ बसलेल्यांचा कमी. राग गिळून आत ठेवणे जसे घातक, तसे तो तालमीत घालून धष्टपुष्ट करणेही घातकच. घरातील लहानांवर ओरडून 'आता बरे वाटले' असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी या प्रयोगाची आठवण ठेवावी. बरे त्यांना वाटलेले असते. ज्याच्यावर ओरडले त्याची अढी त्याच दिवशी पडलेली असते.

कटुतेविषयी आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ती परक्याविषयी सहसा उत्पन्न होत नाही. रस्त्यात धक्का मारून गेलेल्या माणसाला आपण चार शिव्या देतो आणि कोपऱ्यावर विसरतो. वर्षानुवर्षे जी जळत राहते ती भावाविषयी, बहिणीविषयी, जुन्या मित्राविषयी, सुनेविषयी, सासूविषयी. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, मनाला चढलेला रंग. तोच शब्द मराठीत येऊन क्रोधवाचक झाला. हे अर्थांतर पाहिले म्हणजे मला नेहमी वाटते की आपल्या भाषेने यात काही चूक केलेली नाही. जेथे रंग चढलेलाच नव्हता तेथे तो विटण्याचा प्रश्न येत नाही.

म्हणून भाऊबंदकी हा शब्द, जो मुळात भाऊबंदांच्या नात्याचा वाचक, तो आपल्याकडे भांडणाचा वाचक होऊन बसला. वडिलार्जित घराची वाटणी होते. माजघरातून भिंत उठते. तंटा कशावरून विकोपास गेला असे विचारले तर उत्तर बहुधा खोलीचे किंवा शेताचे मिळत नाही. आईच्या पाटल्या कोणी न विचारता उचलल्या, वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात कोण येऊ शकला नाही, लग्नाच्या पंक्तीत कोणाला आधी बसविले, असे काहीतरी सांगण्यात येते. ज्या जमिनीसाठी दावा चालतो तिच्या किमतीहून वकिलांची बिले मोठी होतात. तरी दावा मागे घेतला जात नाही, कारण दावा जमिनीचा नसतोच. तो असतो 'मला कोणी विचारले नाही' या चार शब्दांचा, आणि त्या चार शब्दांचा निकाल देण्याचा अधिकार कोणत्याही दिवाणी न्यायाधीशाला नाही. अशा घरात री ओढणारी माणसे पुष्कळ मिळतात. कहाणी प्रत्येक सांगण्याबरोबर अधिक रेखीव होत जाते. आपल्या तोंडचे कठोर शब्द गळतात, समोरच्याच्या तोंडचे अधिक तीक्ष्ण होतात. पुढे पुढे ती कहाणी मुलांना पाठ होते. काकांशी का बोलावयाचे नाही हे त्यांना ठाऊक नसते. बोलावयाचे नाही एवढेच ठाऊक असते.

हा प्रकार केवळ सामान्य माणसांत घडतो असे मात्र कोणी समजू नये. ज्यांच्या विद्वत्तेविषयी, त्यागाविषयी आणि निर्मळपणाविषयी महाराष्ट्रात कोणाला शंका नाही, अशा दोघांच्या बाबतीत तो घडला आहे, आणि ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. गोपाळ गणेश आगरकर १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. बाळ गंगाधर टिळक २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस. दोघांत नऊ दिवसांचे अंतर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली, आणि सरकारी नोकरीचा मोह सोडून शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय त्यांनी तेथेच केला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, अशी ती कामांची रांग आहे. वयाची तिशी उलटण्यापूर्वी केलेली ही कामे आहेत, हे आजच्या तरुणांनी एकदा मोजून पाहावे.

यांच्याच मध्ये १८८२ साल येते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधी केलेल्या लिखाणावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी एकशे एक दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आहे. लहानशी कोठडी, आणि तीत हे दोघे रात्र रात्र देशाच्या, धर्माच्या, समाजाच्या प्रश्नांवर वाद घालीत आहेत, इतक्या मोठ्याने की पहारेकऱ्याला दटवावे लागे! मतभेद तेव्हाही होते. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, याविषयी दोघांची मने तेव्हाही दोन दिशांना ओढत असणार. पण मधे भिंत नव्हती. वाद तोंडासमोर होत होता, आणि सकाळी दोघांना एकाच दारातून बाहेर यावयाचे होते.

पुढे काय झाले? मतभेद वाढले हे खरे, परंतु माझ्या मते केवळ मतभेदाने माणसे इतकी दुरावत नाहीत. संस्थेच्या आत वेतनाचे प्रश्न निघाले. आजन्म सेवकांनी बाहेरचे काम व बाहेरची मिळकत घ्यावी की नाही यावर वाद झाले. कोण त्यागाच्या मूळ तत्त्वाला धरून आहे आणि कोण सोडीत आहे, अशी भाषा सुरू झाली. तत्त्वाच्या भांडणात पैशाचा प्रश्न शिरला म्हणजे ते भांडण राहत नाही, ती जखम होते; कारण प्रत्येकाला वाटते की समोरचा आपल्या मतावर नव्हे, आपल्या दानतीवर बोट ठेवीत आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सविस्तर राजीनामा लिहून सोसायटी सोडली. एका कोठडीत बसून बोलणारे दोघे आता एकाच गावात राहून दोन वर्तमानपत्रांतून एकमेकांना उत्तरे देऊ लागले. छापलेला शब्द बोललेल्या शब्दासारखा विरून जात नाही. तो दुसऱ्या दिवशीही तसाच टेबलावर पडलेला असतो, आणि तो शेजाऱ्यानेही वाचलेला असतो. सनातनी मंडळींनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने आधीच खंगलेल्या माणसाने ती पाहिली.

आगरकर १७ जून १८९५ रोजी वारले. वयाची चाळिशी त्यांनी पाहिली नाही. पुढच्याच 'केसरी'त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि त्या लेखात जुना स्नेह आणि मित्राच्या गुणांची पारख उघड दिसते. ज्याला हे सर्व लिहिता आले त्याच्या मनात ते असलेच पाहिजे. ते काही एका रात्रीत उत्पन्न झाले नाही. मधल्या वर्षांत ते कोठे होते? ते तळाशी होते, आणि वर पेंढा होता. लेख पुण्यातील हजारांनी वाचला असेल. ज्याने वाचावयास हवा होता तो एकटा तेवढा त्या मंगळवारी नव्हता.

वीस वर्षांनी हीच गोष्ट निराळ्या पात्रासह घडली. टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यातील वितुष्ट सर्वश्रुत आहे. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली. पुढे दोन्ही पक्षांच्या समेटाची बोलणी चालली, ती फिसकटली, आणि १९१५ च्या आरंभी पुन्हा कटु शब्द छापले गेले. त्यातच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. टिळक सिंहगडावर होते. ते तातडीने पुण्यास आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांसमोर त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. टिळकांच्या मनाचा मोठेपणा या दोन्ही प्रसंगी दिसतो, त्याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. लहान मनाचा माणूस स्मशानातही अढी घेऊन जातो. परंतु दोन्ही वेळा ऐकणारा उरलेला नव्हता. जेथे इतक्या मोठ्या माणसाला वेळ साधता आली नाही, तेथे तुमच्याआमच्यासारख्यांनी 'पुढे पाहू' असे म्हणत राहावे काय, हा प्रश्न मला ही हकीकत वाचताना दर वेळी पडतो.

आता कोणी म्हणेल, मग काय, राग येऊच द्यावयाचा नाही? अन्याय दिसला तरी हसून सोडून द्यावयाचे? असा उपदेश करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. शांत राहण्याचा उपदेश आपल्या समाजात नेहमी वरून खाली वाहतो, हे मी पाहिले आहे. साहेब कारकुनाला शांत राहावयास सांगतो, सासरा सुनेला, मालक मोलकरणीला, आणि आम्ही मास्तर लोक मुलांना. यजमान रागावले तर तो त्यांचा करारी स्वभाव. त्यांच्या पत्नीने तेच शब्द उच्चारले तर ती चिडचिड, नाहीतर त्रागा. ज्याला बोलण्याची मुभा नाही त्याचा राग कोठे जाणार? भांड्यांच्या आवाजात, डोकेदुखीत, दोन दिवसांच्या उपवासात. ज्या घरात एकाच माणसाला रागावता येते त्या घरात बाकी सर्वांच्या मनांत अढ्या घातलेल्या असतात, हे त्या एका माणसाने समजून असावे. अशा ठिकाणी क्षमेचे पाठ देण्यापूर्वी बोलण्याची मुभा दिली पाहिजे.

आणि अन्यायाविषयीचा राग ही तर समाजाची ठेव आहे. आगरकरांना बालविधवांच्या केशवपनाचा राग आला नसता तर 'सुधारका'ची पाने लिहिली गेली नसती. याहून मोठे उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलाने १९२३ साली केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरी पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावातील लोकांनी परिषदेस आलेल्यांवर काठ्या चालविल्या. त्या घटकेला उलट हात उगारावयास माणसे कमी नव्हती. परंतु आंबेडकरांनी आपल्या लोकांना आवरले, आणि लढा न्यायालयात नेला. तो दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरील हक्क मान्य केला. दहा वर्षे राग विझू न देणे आणि त्याची अढीही होऊ न देणे, ही केवढी अवघड गोष्ट आहे! हा राग एका व्यवस्थेवर रोखलेला होता. म्हणूनच त्यांच्या बाजूस महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस उभे राहू शकले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा त्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी मांडला. ज्या रागाला काम मिळते आणि ज्याचा रोख नेमका असतो, त्याला आंबायला सवड मिळत नाही.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे राग एवढ्या योग्यतेचे नसतात. ते पाटल्यांचे आणि पंक्तीचे असतात. त्यांचे काय करावे?

पूर्वी रागाच्या भरात लिहिलेले पत्र निदान रात्रभर घरात पडून राही. पेटी दुसऱ्या दिवशी उघडावयाची असे, आणि सकाळी ते पत्र पुष्कळदा चुलीत जाई. आता अंगठ्याच्या एका टोकाने निरोप जातो, तोही रात्री साडेअकराला, तोही सर्व नातेवाइकांच्या समूहात. लिहावे जरूर, लिहिल्याने विचार सरळ रांगेत उभे राहतात. पण वहीत लिहावे, आणि सकाळी चहा झाल्यावर वाचावे. पुष्कळदा आपणांस असे आढळते की चार पानांतले एकच वाक्य खरे आहे. तेवढे एक वाक्य त्या माणसाला जाऊन सांगावे. सांगताना झालेली एक गोष्ट सांगावी, 'तू नेहमीच असा' हे वाक्य टाळावे. 'त्या दिवशी मला न विचारता कागद केलात, ते मला लागले' याला उत्तर देता येते. माणसाच्या सबंध स्वभावावर काढलेल्या निकालाला उत्तर देता येत नाही, फक्त उलट निकाल काढता येतो. आणि हे लवकर करावे. आठवड्याच्या आत जी गोष्ट पाच मिनिटांत बोलता येते, तिला वर्षानंतर मध्यस्थ लागतात.

मध्यस्थांवरून आठवले. ज्ञानदेवांसारखा पुरुषही लोकांच्या अपमानाने उद्विग्न होऊन झोपडीचे दार लावून बसला, आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, बाहेर उभे राहून ताटी उघडण्याची विनवणी केली, असे परंपरा सांगते. त्या प्रसंगाचे म्हणून ताटीचे अभंग आजही म्हटले जातात. मला त्या कथेत दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, इतक्या थोर माणसालाही राग आला, हे आपल्या लोकांनी लपवून ठेवले नाही. दुसरी, समजूत काढणारी घरातील सर्वांत लहान मुलगी होती, आणि तिने भावाचा पक्ष घेऊन लोकांना नावे ठेवली नाहीत. आपल्या रागात री ओढणारे दहा मिळतात. दार वाजविणारे एखादेच. ज्याच्या घरी असे माणूस आहे त्याने त्याचे बोलणे, ते वयाने कितीही लहान असले तरी, दाराआडून का होईना ऐकून घ्यावे.

सगळीच भांडणे मिटतील असे नाही. काही माणसांपासून दूर राहणेच शहाणपणाचे असते. ज्याने मारहाण केली, ज्याने जाणूनबुजून लुबाडले, त्याच्याशी पूर्ववत संबंध ठेवलाच पाहिजे असे म्हणणे हा दुसरा अन्याय होय. तेथे अढी उलगडावयाची ती आपल्या फळांसाठी. त्याला त्यांतील एकही देण्याची गरज नाही. दिवसातून दहा वेळा तो मनात येत असे, तो आता महिन्यातून एकदा येतो, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

पण जेथे माया शिल्लक आहे आणि केवळ 'आधी कोणी बोलावयाचे' एवढाच प्रश्न अडून बसला आहे, तेथे आपल्या पूर्वजांनी वर्षातून एक दिवस राखून ठेवला आहे. संक्रांतीला तिळगूळ द्यावयाचा तो केवळ मित्राला नव्हे. मित्राशी गोड बोलणे कोणालाही जमते. ज्याच्याशी आपण अकरा महिने बोललो नाही त्याच्याकडे त्या दिवशी काही सबब न सांगता जाता येते, ही त्या सणाची खरी सोय आहे. पुष्कळ घरांतून त्या दिवशी मुलाच्या हाती डबी पाठविण्यात येते आणि मुलाच्याच हाती ती परत येते. तसे करू नये. आपण स्वतः जावे. जिना चढताना काय बोलावे याची जुळवाजुळव करू नये, आणि जुन्या गोष्टी त्या दिवशी काढू नयेत. प्रकृती कशी आहे एवढे विचारले तरी चालते. दार उघडणाऱ्यालाही त्या घटकेला काही सुचलेले नसते.